कठड्यावरची पांढरी रेघ

माघ लागला की आमच्या भागातली सकाळ धुरकट होते. काल्हेरच्या गोदामांसमोर ट्रकवाले चाकाच्या आडोशाला स्टोव्ह पेटवून चहा उकळतात, नाक्यावर वालाच्या शेंगांचे हिरवे ढीग लागतात. दुपारी मात्र पत्र्याखाली बसलेल्या माणसाला चक्क घाम फुटतो. सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा, असे हे दिवस. मी इथल्या एका गोदामात माल रवाना करण्याचं काम बघते. आमच्या ऑफिसात भिंतीवर एक टीव्ही आहे. तो खरं तर कॅमेऱ्यांसाठी लावलाय, पण क्रिकेट असलं की गोदामावर लक्ष ठेवायची कुणाला गरज वाटत नाही.

यंदा त्या टीव्हीवर जहाजं दिसायला लागली. पूर्वेच्या किनाऱ्यावर राष्ट्रपती आरमाराची पाहणी करणार आहेत, त्याची रंगीत तालीम बातम्यांत दाखवत होते. करड्या रंगाच्या युद्धनौका रांगेत उभ्या, त्यांच्यावर टोकापासून टोकापर्यंत झेंड्यांच्या माळा, आणि कठड्याला लागून पांढरे कपडे घातलेली माणसं. आमचे फोर्कलिफ्ट चालवणारे सलीमभाई चहाचा ग्लास हातात धरून बघत होते.

"मॅडम, ये सफेद-सफेद कौन लोग हैं?"

"नेव्हीवाले," मी म्हटलं आणि मालाची चलनं चाळायला लागले. त्या सफेद-सफेदबद्दल मला पुष्कळ सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

सहावीत असतानाचा हिवाळा मला आठवतो तो नाकानं. नव्या पेंढ्याचा वास, उकडलेल्या वालाचा वास, आणि निळीचा वास. त्या वर्षी पाहणी मुंबईत होती, आणि हसूकाकांचं जहाज त्या रांगेत उभं राहणार होतं. हसूकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, हसुराम. आमच्या वळ गावातून जहाजावर गेलेला पहिला माणूस. ते भरतीला निघाले तेव्हा गावानं बॅन्ड लावून, टिळा लावून त्यांना वेशीपर्यंत पोचवलं होतं. भरतीला निघाले, भरती होऊन नव्हे. आमच्याकडे सत्कार आधी असतो, निकाल मागाहून.

बाबा अर्धे शेतकरी आणि अर्धे लूमवाले. भात निघालं की भिवंडीच्या निजामपुऱ्यात यंत्रमागावर शिफ्टला जायचे. तिथून त्यांनी कोऱ्या कापडाचा एक लांब तुकडा आणला. लूमवरून उतरलेलं कापड पांढरं नसतं. धुलाई व्हायच्या आधी ते मळकट, पिवळसर, खळीनं कडक झालेलं असतं. आईनं ते सोड्यात उकळलं, दगडावर आपटलं, निळीत बुडवलं, पुन्हा आपटलं. आमच्या अंगणात दोन दिवस ते वाळत होतं. बाबांचा बेत असा होता की किनाऱ्यावरून ते कापड हलवायचं, म्हणजे हसूला जहाजावरून आपण दिसू. एवढ्या मोठ्या मुंबईत, एवढ्या गर्दीत, काकांना आम्ही नेमके कुठे बसलोय ते कळावं, एवढीच त्यांची अडचण होती. काका कुठे असतील याची शंका कुणालाच नव्हती. ते कठड्यावर असणार.

टेम्पो भरून गेलो. बायका पुढे, पोरं मांडीवर, मागे पुरुष आणि वालाच्या उसळीचा डबा. समुद्राच्या कठड्यावर जागा धरली. जहाजं मी मनात फार मोठी केली होती, प्रत्यक्षात ती बोटाएवढी दिसली आणि मी हिरमुसले. शेजारी एक गृहस्थ दुर्बीण घेऊन आले होते. त्यांनी कौतुकानं आम्हा पोरांना एकेकदा बघू दिलं. आधी नुसतं पाणी दिसलं, मग करडं लोखंड, मग झेंडे. आणि जहाजाच्या कठड्याच्या कडेनं ओढलेली एक पांढरी रेघ. माणसं अशी सुटी दिसत नव्हती. नाक, डोळे, मिशी काही नाही. सरळ, स्वच्छ, पांढरी रेघ.

"दिसला का ग हसू?" आई विचारत होती.

"दिसला," मी म्हटलं. रेघेत असणारच होते ना ते.

मग बाबा कठड्यावर चढले आणि त्यांनी ते कापड दोन्ही हातांनी डोक्यावर धरून हलवलं. वाऱ्यानं ते इतकं फडफडत होतं की मागच्या लोकांनी बसा हो, बसा हो म्हणून आरडाओरडा केला. बाबा बसले नाहीत. एरवी कुणी मोठ्यानं बोललं तरी बाजूला होणारा माझा बाप त्या दिवशी कुणाचं ऐकेना. आई रडत होती. मला तेव्हा वाटलं, मोठी माणसं उगाच रडतात.

पाहणीचा हा प्रकार पुष्कळ जुना आहे. मी पुढे त्याबद्दल मिळेल ते वाचत गेले, घरातला विषय म्हणून. पूर्वीचे राजे लढाईला जहाजं धाडण्याआधी ती आपल्या डोळ्यांनी बघायला बंदरावर येत. शिडं धड आहेत ना, लाकूड कुजलेलं नाही ना, माणसं उभी राहू शकतात ना. मग लढाई नसतानाही बघायची सवय लागली. हळूहळू बघण्यापेक्षा दाखवणं मोठं झालं. परक्या देशांचे पाहुणे बोलवायचे आणि त्यांना रांगा दाखवायच्या, म्हणजे घरी जाऊन त्यांनी त्या मोजून सांगाव्यात. इंग्रज गेले, पण ही रीत मागे राहिली, राजाच्या जागी राष्ट्रपती आले. ते तिन्ही दलांचे प्रमुख, म्हणून त्यांच्या कारकिर्दीत एकदा तरी आरमार त्यांच्यासमोर रांगेत उभं राहतं. त्यांची नौका संथपणे रांगांमधून जाते. ज्या जहाजासमोर ती येते, तिथले नौसैनिक टोप्या काढून उंच करतात आणि तीन वेळा जय म्हणतात. मग नौका पुढच्या जहाजाकडे जाते.

आरमाराचा अभिमान आम्हा भिवंडीकरांना जरा जास्तच. महाराजांनी पहिली गलबतं कल्याण-भिवंडीच्या खाडीत बांधून घेतली, हे आम्ही छाती पुढे काढून सांगतो. खाडीकडे मात्र नाकाला रुमाल लावल्याशिवाय जात नाही. ती गलबतं पाण्यात उतरली तेव्हा कुणीतरी मोठ्या माणसानं ती उभं राहून पाहिलीच असतील. त्या वेळी शिडं शिवणारे आणि फळ्यांच्या फटीत डांबर भरणारे कुठे उभे होते, असा प्रश्न मला पूर्वी कधी पडला नव्हता. यंदाच्या माघात पडला.

पाहणीनंतर काका सुट्टीवर आले तेव्हा अख्खी आळी अंगणात जमली होती. काकांनी चपला काढायच्या आत बाबांनी विचारलं, "हसू, कापड दिसला का?"

काका थोडं थांबले. तेव्हा वाटलं दमलेत. मग म्हणाले, "दिसला ना दादा. पांढरा. लय बरा वाटला."

बाबांचं तोंड असं उजळलं की पुढे कितीतरी वर्षं, शेत गेलं तेव्हा, लूम बंद पडले तेव्हा, ते एवढीच एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून स्वतःला बरं वाटून घ्यायचे.

त्या सुट्टीपासून एक नवीनच रिवाज पडला. हळद असो, बारसं असो, जेवणं झाली की कुणीतरी म्हणायचं, हसू, ते जहाजावरचं कर. काका आढेवेढे घ्यायचे. मग उठायचे, ताठ उभे राहायचे, उजवा हात डोक्याजवळ नेऊन उंच करायचे. हातात टोपी नसायची, नुसती मूठ. जय. जय. जय. पोरं त्यांच्यामागे ओरडायची. हळदीच्या बेंजो बॅन्डपेक्षा त्याला जास्त टाळ्या पडायच्या.

दुसरी गोष्ट इस्त्रीची. काका सुट्टीवर असले की घरातल्या लग्नाचे कपडे त्यांच्या हातून जायचे. कोळशाची इस्त्री, खाली दुमडलेली घोंगडी, शेजारी पाण्याचं भांडं. ते तोंडात पाणी घेऊन फुर्रर्र करून सदऱ्यावर असा फवारा मारायचे की आम्ही पोरं तो बघायलाच बसायचो. बाहीची घडी अशी पडायची की ती मोडायला हात होत नसे. कुणी म्हटलं, काय हो, नेव्हीत हेपण शिकवतात? तर म्हणायचे, "सगला शिकवतात." आणि मान खाली घालून दुसरा सदरा घ्यायचे.

आता यंदाचं. वळला माघी गणपती बसतो. मंडळाचा अध्यक्ष नितेश, म्हणजे हसूकाकांचा मुलगा, माझा चुलतभाऊ. वळची भातशेती गोदामांखाली गेली तशी आमच्या पोरांच्या हाती दोन गोष्टी आल्या, गाड्या आणि फ्लेक्स. नितेश स्वभावानं चांगला आहे, पण उत्साहानं त्याचं भान सुटतं. यंदा मंडळानं त्याच्या वडिलांचा सत्कार करायचं ठरवलं. निमित्त टीव्हीवरच्या पाहणीचंच. नाक्यावर दोन मजली फ्लेक्स लागला.

काकांचा मला फोन आला. "बाय, येऊन जा जरा. नाक्यावरून येशील त त्यो फोटू बगून ये."

मी बघितला. निळ्या समुद्रावर एक युद्धनौका, वर दोन विमानं, आणि मधोमध हसूकाका. म्हणजे मान आणि मानेवरचा भाग हसूकाकांचा. मानेखाली कुणातरी बड्या नौदल अधिकाऱ्याचा पांढरा कोट, सोनेरी पट्टे, छातीवर पदकांच्या रांगा. धड एवढं रुंद की काकांचं लहानसं, सुरकुतलेलं तोंड त्यावर घरंगळून पडेल की काय असं वाटत होतं. खाली लिहिलं होतं, वळ गावाची शान, सागरी वीर. मला हसू आलं. रिक्षावाल्यालाही मी हसून दाखवलं, "हे माझे काका बरं का."

काका पडवीत बसून भिजवलेले वाल सोलत होते. काकी आत होती. मी त्यांची जरा चेष्टा केली, म्हटलं, एवढं प्रमोशन कधी झालं ते कळवलंत नाही. ते हसले नाहीत. दोन-चार डाळिंब्या पाण्यात टाकल्या आणि म्हणाले, "मी वर नवतूच कवा, बाय."

"वर म्हणजे?"

"वर. कठड्यावर. मी खाली होतू. कपडं धुवायला."

मला कळलंच नाही. मी म्हटलं, "म्हणजे पाहणीच्या दिवशी का?"

"सगले दिवस. मी जहाजावर धोबी होतू." त्यांचा हात थांबला नव्हता, वाल सोलणं चालूच होतं. "भरतीला गेलू त उंचीत बाद झालू. पयल्याच दिवशी. गावानं बॅन्ड लावून पाठवलेला. परत कंच्या तोंडानं येऊ? तिथं एक जन भेटला. बोलला, जहाजावर धोबी पायजे. वर्दी न्हाय, पन जहाज हाय. मी बोललू, जहाज हाय ना, बास."

युद्धनौकेवर वर्दीतल्या माणसांबरोबर काही बिनवर्दीची माणसंही असतात. धोबी असतो, न्हावी असतो, शिंपी असतो. हे मला काकांनी तेव्हा समजावून सांगितलं. एवढं वाचूनही मला ते ठाऊक नव्हतं, कारण मी वाचत गेले ते सगळं कठड्यावरच्यांचं होतं.

"आणि त्या दिवशी? मुंबईला?"

"दोन दिवस आदीपासून नुसती इस्त्री. पोरं आपली येऊन घेऊन जायाची. डाग नको, सुरकुती नको. शेवटचा सदरा वर गेला न् मी रिकाम्या बोचक्यांवर बसलू. कपडं वर, मी खाली. बाहेर बगायला खिरकी पन न्हाय. मंग डोक्यावर आवाज आयला. जय. लोखंडातून आयला तो आवाज, पायाला कलला." त्यांनी वालाची सालं बाजूला सारली. "मीपन उभा ऱ्हायलू. खांद्यावरचा पंचा काढला न् वर केला. तीनदा. कोन बगतंय?"

"आणि बाबांचं कापड?"

"दादा एवढा खुश होता. काय बोलनार? दिसला बोललू."

आत काकी भांडी लावत होती. तिला हे ठाऊक होतं की नाही, ते मी विचारलं नाही.

माझ्या मनात त्या क्षणी जे आलं ते लिहिते. मला लाज वाटली. काकांची लाज वाटली. धोबी हा शब्द ऐकून माझ्या कानशिलापर्यंत गरम झालं आणि मी पडवीच्या बाहेर कुणी ऐकलं तर नाही ना हे बघितलं. पाठोपाठ मनात आलं, बरं झालं, आई-बाबांना हे कळायच्या आत ते गेले. हा विचार बाहेरून कुणी माझ्या डोक्यात घातला नव्हता. तो माझाच होता आणि तो आत तयारच बसलेला होता. गोदामात सगळ्या जातीधर्माच्या माणसांबरोबर एका टेबलावर डबा खाणारी मी, पोरीला श्रमप्रतिष्ठेवर निबंध लिहून देणारी मी. मग मला त्या लाजेचीच लाज वाटायला लागली, पण ती नंतर, आणि पहिलीइतकी झटकन नाही.

आमच्या गावात परटाचं एक घर होतं. लग्नात नवरा-नवरी त्यांनी अंथरलेल्या पायघड्यांवरून चालत यायचे, त्यांच्या हातचे कपडे अंगावर घालून आम्ही मिरवायचो. ते घरी आले तर 'या, बसा' म्हणताना आमच्यातलं कुणी चटई शोधायला धावायचं नाही. ते ओट्याच्या कडेला टेकायचे. हे बघतच हसूकाका मोठे झाले होते. उंचीत बाद झालेला माणूस परत येऊ शकला असता. धोबी झालेला माणूस आमच्या आळीत परत येऊ शकत नव्हता, म्हणून दर सुट्टीला नौसैनिक परत यायचा. आम्हीच त्याला हाताला धरून उभा करायचो, आणि वर टाळ्या.

"नितेसला तू सांग," काका म्हणाले. "मना त्याच्या तोंडावर बोलाय जमत न्हाय. त्यो फोटू उतरव म्हनावा. सत्कार नको. मी जेवायला येईन आरतीला, बास."

मी सांगते म्हटलं. निघताना त्यांनी सोललेल्या डाळिंब्या पिशवीत बांधून दिल्या.

नितेशला मी फोन केला. म्हटलं, "फ्लेक्स उतरव. काकांना आवडलेला नाही."

"ताई, बाबा लाजतात. तुला त माहीत हाय त्यांचा."

"तसं नाही रे. फोटो खोटा आहे तो."

"अगं सगलेच असं करतात. कोटाचा काय एवढा!"

तिथे सांगायला हवं होतं. शब्द दोन अक्षरांचा होता. तो जिभेवर आला आणि माझ्याच्यानं उच्चारवेना. शेजारच्या टेबलावर बिलिंगची मुलगी बसली होती, हेही एक कारण मी स्वतःला दिलं. म्हटलं, बरं, बघ तू. फोन ठेवला. काकांना कळवलं, नितेश ऐकत नाही.

सत्काराच्या संध्याकाळी काका आले ते स्वतः इस्त्री केलेला पांढरा सदरा घालून. पांढरा म्हणजे असा की मंडपातल्या ट्यूबलाइटखाली बाकी सगळ्यांचे पांढरे पिवळट दिसायला लागले. शाल झाली, नारळ झाला. सरपंच बोलले. मग नितेशनं माइक वडिलांच्या हातात दिला आणि म्हणाला, "आता बाबा आपल्याला राष्ट्रपतींना देतात ती मानवंदना करून दाखवतील!"

काकांनी माइक दोन्ही हातांत धरला. "मना कायतरी बोलाचा हाय," ते म्हणाले. "मी नेव्हीत नवतू. मी जहाजावर धोबी होतू. त्या पोरांचं कपडं धुवाचू. नाक्यावर फोटू लावलाय त्यो माजा न्हाय."

मंडप गप्प झाला. अगदी थोडा वेळ, पण झाला. गणपतीपुढच्या समया तेवढ्या हलत होत्या. मला वाटलं, झालं, एवढ्या वर्षांनी हा माणूस स्वतःच खाली उतरला. मग मागच्या खुर्च्यांतून कुणीतरी फस्सकन हसलं, आणि त्या हसण्याबरोबर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. हसूकाका जाम मस्करी करतात! अख्खा मंडप हसायला लागला. सरपंचांनी मांडीवर थाप मारली. नितेशनं दुसरा माइक घेतला. "बगा, एवढा मोठा मानूस न् किती साधा! कपडं धुवाचू बोलतंय!" टाळ्या पडल्या. नितेश हसत होता खरा, पण त्याच्या डोळ्यांत काहीतरी डळमळलं होतं. त्यानं पहिल्या रांगेत मला शोधलं. "काय ताई, मस्करीच करतात ना?"

काकाही माझ्याकडे बघत होते.

मी हसले आणि मान डोलावली.

काकांनी माइक टेबलावर ठेवला. ताठ उभे राहिले. रिकामी मूठ डोक्याजवळ नेऊन उंच केली, तीन वेळा. लोक ओरडले, जय. टाळ्या वाजवताना माझ्या हातांचाही आवाज त्यात होता. आरतीनंतर जेवणावळ होती, काका जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले.

त्यानंतर मी कितीदा तरी नाक्यावरून गेले. उन्हानं फ्लेक्सचा निळा समुद्र फिका पडत चालला होता. तोंड आधी उडालं, कारण ते छापलं होतं हलक्या रंगात. पदकं अजून झगझगीत होती. मला काकांच्या घरी जायचं धाडस झालं नाही. डाळिंब्यांची पिशवी फ्रीजमध्ये तशीच होती, त्यांना वास यायला लागला तेव्हा टाकून दिल्या.

मग पाहणीचा दिवस उजाडला. माल चढवून झाला होता. ऑफिसात टीव्ही लावलेला, सलीमभाई चहा घेऊन उभे. राष्ट्रपतींची नौका निघाली. कॅमेरा वरून जहाजांच्या रांगा दाखवत होता, मग एकेका जहाजाच्या जवळ येत होता. मला कॅमेऱ्याचं येणं नको होतं. मला लांबून बघायचं होतं, दुर्बिणीतून दिसलं होतं तेवढंच. माझी दुसरी कुठली ओळख नाही त्या जहाजांशी.

आणि कॅमेरा एकदा लांब गेलाच. करड्या लोखंडावर ती रेघ दिसली. सहावीतल्या मुलीनं आईला सांगितलं होतं, दिसला. खोटं नव्हतं ते. त्या दिवशी किनाऱ्यावरून जे जे दिसत होतं, त्यात माणूस असा कुणीच नव्हता. फक्त पांढरं दिसत होतं, आणि ते पांढरं काकांनी केलेलं होतं. आईनं निळीत बुडवलेलं कापड बाबांनी हलवलं ते त्यांच्या भावानं धुतलेल्या कपड्यांकडे बघून. हे मी मंडपात माइक घेऊन बोलू शकले असते. लोकांना कळलं असतं की नाही, देव जाणे. पण काकांना कळलं असतं.

मी नितेशला फोन लावला. "कुठे आहेस?"

"घरीच. बाबा टीवी बगतात. बोलत न्हाईत काय. त्या दिवसापासून असंच चाललंय."

"तूपण बघतोयस का? ती कठड्यावरची पांढरी रेघ दिसते?"

"हो."

बिलिंगची मुलगी समोरच होती. सलीमभाई होते, हमाल होते. मी आवाज चढवायला गेले पण तो खालचाच निघाला. "मुंबईच्या पाहणीतली ती रेघ तुझ्या वडिलांनी धुतलेली होती, नितेश. इस्त्रीपण त्यांचीच. ते जहाजावर धोबी होते. मस्करी नव्हती ती."

 

मग तो म्हणाला, "म्हंजे बाबा खरा बोलत होते. न् मी हसलू."

"तू मला विचारलंस," मी म्हटलं. "मान मी हलवली."

टीव्हीवर नौका एका जहाजासमोर आली. टोप्या वर गेल्या. जय, माझ्या टीव्हीतून एकदा आणि फोनमधून, वळच्या घरातल्या टीव्हीतून, किंचित मागाहून पुन्हा. फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बाबा उठलं," नितेश हळू आवाजात म्हणाला. "खांद्यावरचा टॉवेल काढलाय हातात."

दुसरा जय झाला. तिसरा झाला. मग दुसरी, नितेशची खुर्ची सरकल्याचंही मला ऐकू आलं.

इथे काल्हेरला मी बसूनच होते. सलीमभाई माझ्याकडे बघत होते, त्यांच्या हातातला ग्लास रिकामा झाला होता.

"क्या हुआ, मॅडम? कोई अपना है क्या उधर, सफेद में?"

"नहीं," मी म्हटलं. "सफेद में नहीं, नीचे." आणि मग उठून उभी राहिले.